डब्याच्या तळाची तारीख

हिमानी जोगळेकरची आई जूनमध्ये गेली. सगळे तिला माई म्हणत. पक्षाघातानंतर नऊ वर्षं तिने अंथरुणात काढली होती, आणि त्या नऊ वर्षांत लग्न, बढती, सहल, जे काही समोर आलं त्याला हिमानीने एकच उत्तर दिलं होतं: माईला कोण बघणार? बाराव्याला कात्रप भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जमलेल्या नातेवाइकांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, माई सुटली, तूही सुटलीस, आता जरा स्वतःकडे बघ. हिमानी मान डोलवत राहिली. तिला रडू आलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. दात काढल्यावर आपलाच गाल आपण बोटाने दाबून बघतो आणि तो आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. फरक इतकाच, की दाताचं इंजेक्शन दोन तासांत उतरतं.

चौदाव्या दिवशी ती कामावर गेली.

ती एकोणीस वर्षं 'घरसंसार'मध्ये होती. चिंतामणी भावे यांची ही किराणा आणि घरगुती सामानाची तीन मोठी दुकानं. एक कात्रपला, एक अंबरनाथ पूर्वेला, एक उल्हासनगरात. शिवाय आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत एक गोडाऊन. कात्रपच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर हिमानीचं टेबल होतं. दुकानात साबणाची नवी वडी जरी आली, तरी हिमानीने तिचं नाव, भाव आणि पाकिटावरच्या उभ्या रेघांखालचा तेरा आकडी नंबर कॉम्प्युटरात चढवल्याशिवाय खालच्या काउंटरवर तिचं बिल होत नसे. असे अकरा हजारांवर नंबर तिने चढवले होते. पुष्कळसे तिला पाठही होते. माई असताना रात्री झोप आली नाही की ती ते मनात म्हणत पडायची.

दिवाळी झाल्यावर भावेसाहेबांनी तिला खाली केबिनमध्ये बोलावलं. समोर विनीत बसला होता. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये नानकभाईंची बिलिंग मशिनं विकणारी आणि दुरुस्त करणारी एक जुनी पेढी आहे, तिथला हा इंजिनीअर. तिशीचा, बोलता बोलता हिंदीत शिरणारा.

"मॅडम, रेघांचा जमाना संपत आलाय," विनीत म्हणाला. "आता पाकिटावर चौकोनी कोड येणार. आलेत पण काही. अजून एक-दोन वर्षांत सगळीकडे तेच. आपले जुने लाल लाइटवाले स्कॅनर ते वाचूच शकत नाहीत. कॅमेऱ्यावाले लावावे लागतील. और सॉफ्टवेअर भी तयार करना पडेगा."

"चौकोनात वेगळं काय असतं?" भावेसाहेबांनी विचारलं.

"रेघांत फक्त माल कुठला ते कळतं. चौकोनात माल कुठला, कुठल्या बॅचचा आणि मुदत कधी संपते, तिन्ही. मुदत संपलेली वस्तू काउंटरवर आली, तर मशिन बिलच करणार नाही. लाल पट्टी येणार."

"छान आहे," भावेसाहेब म्हणाले. "हिमानी, हे तू बघ."

हिमानी "बरं" म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

काम किचकट होतं आणि तिला ते मानवलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नंबराला तेरा घरं होती, चौकोनातून चौदा आकडे यायचे. पुढचं शून्य गाळायला शिकवावं लागलं. काही पाकिटांवर एका बाजूला रेघा आणि दुसऱ्या बाजूला चौकोन, मग स्कॅनर दोन्ही वाचायचा आणि एका बिस्किटपुड्याचे दोन व्हायचे. कंपन्यांनी जाहिरातीसाठी छापलेले चौकोन निराळेच. तो समोर आला की बिलाच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता उमटायचा. हिमानी वहीत एकेक अडचण लिहायची, विनीत ती सोडवायचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना खाली जाऊन ती तीन नंबरच्या काउंटरवर चाचणी घ्यायची. तिथे गयाबाई असत. दुकान उघडल्यापासूनच्या कॅशियर, पन्नाशीच्या, मांजर्लीला राहणाऱ्या. त्या वस्तू समोर धरत आणि हिमानी स्क्रीन बघे. अर्धा अर्धा तास दोघी काही बोलत नसत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गयाबाईंनी एक डबा धरला. आजारी, अशक्त माणसांना पाण्यात किंवा दुधात कालवून देतात त्या पावडरीचा. हिमानीला तो डबा आपल्या हाताइतका ओळखीचा होता. माईचं शेवटच्या तीन वर्षांचं जेवण तेच होतं.

स्क्रीनवर लाल पट्टी आली. मुदत संपली, तीस सप्टेंबर दोन हजार पंचवीस.

हिमानीने डबा उलटा करून तळाची तारीख बघितली. मार्च दोन हजार सत्तावीस.

"मशिन चुकलं," गयाबाई म्हणाल्या.

हिमानीलाही तेच वाटलं. चौकोनात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते; वाचताना कुठे उलटापालट झाली असेल. तिने दुसरा डबा घेतला. लाल पट्टी. तिसरा. लाल. चौथ्याला हिरवी, त्याच्या तळाची तारीख आणि स्क्रीनवरची तारीख एकच होती. तिने मांडणीवरचे सगळे डबे काउंटरवर आणवले. तेवीस डब्यांपैकी चौदा लाल निघाले. मग पोटमाळ्यावर जाऊन तिने विनीतला फोन लावला आणि चूक कुठे असेल ते विचारलं.

विनीत दुसऱ्या दिवशी आला. त्याने मोबाईलवरच्या दुसऱ्या एका ॲपमधून तेच डबे वाचले. तारीख तीच आली, सप्टेंबरची. मग त्याने डबा उजेडात तिरपा धरला.

"मॅडम, इकडे बघा."

मार्च सत्तावीसच्या काळ्या अक्षरांखाली, पुसलेल्या पाटीवर राहते तशी, आणखी एका तारखेची पुसट खूण होती. विनीतने बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

"थिनर मारून पुसलंय. वरून नया छाप दिया. तळाची तारीख पुसता येते, पण चौकोन तर लेबलवर छापलेला आहे. तो कसा पुसणार?" तो जरा थांबला. "हे कंपनीत नाही होत. हे मध्येच कुठेतरी होतं."

विनीत गेल्यावर हिमानी बराच वेळ डबा हातात धरून बसली. आपल्याला धक्का बसायला हवा, हे तिला कळत होतं. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. मग तिने डबा पिशवीत घातला, खाली उतरून रिक्षा केली आणि आनंदनगरला गेली.

गोडाऊन हिंदुरावांच्या ताब्यात होतं. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. मोजावेत तितके थोडे, इतके त्यांचे उपकार हिमानीवर होते. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा माईला खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून त्यांनी दोन माणसांबरोबर खाली आणलं होतं, तेही दोनदा. पावडरीचे डबे संपत आले की हिमानी फोन करायची आणि हिंदुराव घरी जाता जाता वाट वाकडी करून डबे दारात ठेवून जायचे. आत कधी यायचे नाहीत. "माई कशा आहेत?" एवढं विचारायचे.

तिने पिशवीतून डबा काढून त्यांच्या टेबलावर उलटा ठेवला. बाजूला विनीतने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोची छापील प्रत ठेवली. हिंदुरावांनी चष्मा लावून दोन्ही बघितलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"कधीपासून?" हिमानीने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"कुठून येतात?"

"परत गेलेला माल असतो. नष्ट करायला दिलेला. भिवंडीकडचा एक दलाल आणून देतो." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "साहेबांना भाव माहीत आहे. बाकी त्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"छाप कोण मारतं?"

"मीच."

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज येत होता.

"माईंसाठी मी नेहमी चांगले डबे वेगळे काढून ठेवायचो," हिंदुराव म्हणाले. "तुमची शपथ. त्यांच्या डब्यांना मी कधी हात लावला नाही."

हिमानीने त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस खोटं बोलत असेल असं तिला वाटलं नाही. खरं बोलत असेल असंही वाटलं नाही. तिने फक्त एक विचारलं.

"आणि बाकीच्यांचे?"

हिंदुराव उठले, तिला पाणी आणून दिलं आणि पुन्हा जागेवर बसले. ती पाणी प्यायली. डबा पिशवीत टाकून ती निघाली.

त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी ती भावेसाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि जे बघितलं, ऐकलं, ते तिने क्रमाने सांगितलं. ऐकून झाल्यावर भावेसाहेबांनी दार लोटून घेतलं.

"हिंदुरावाचं मी बघतो. तो माझा प्रश्न आहे. तो दलाल उद्यापासून बंद. पण जो माल मांडणीवर आहे, तो असा एकदम उचलला तर चार लोक विचारतील का म्हणून. हळूहळू निघून जाईल. पावडर आहे, विष नाही. महिना-दोन महिने इकडेतिकडे झाले तर काय होतं?"

"साडेतीन महिने झालेत, साहेब. लाल पट्टी येते. बिल होत नाही."

"तेच सांगतोय. ती लाल पट्टी काढ. पिवळी कर. नुसती सूचना द्यायची, बिल होऊ द्यायचं. होतं ना तसं?"

"होतं."

"मग कर. तुझी एकोणीस वर्षं झाली इथे. माई आजारी असताना तुला मी कधी सुट्टीला नाही म्हटलं नाही."

हे खरं होतं. हिमानी वर गेली, कॉम्प्युटर चालू केला आणि लालची पिवळी केली. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही दुकानांत नवे स्कॅनर सुरू व्हायचे होते, म्हणून तीन वेळा. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पिशवीतला डबा तिने टेबलाच्या खणात ठेवला. घरी जाऊन तिने वरणभात केला, खाल्ला, भांडी घासली आणि झोपली. झोप लागली. पुढे तिला याचंच सगळ्यात नवल वाटत राहिलं, की त्या रात्री झोप लागली होती.

असे नऊ दिवस गेले. गयाबाईंनी पिवळ्या पट्टीबद्दल एकदा विचारलं. "साहेबांनी सांगितलंय," हिमानी म्हणाली. गयाबाई बरं म्हणाल्या. बरं म्हणणारं आता आणखी एक माणूस झालं.

दहाव्या दिवशी दुपारी हिमानी तीन नंबरच्या काउंटरपाशी उभी होती. एक म्हातारी बाई रांगेत आली. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरची असावी. पायात रबरी चपला, डोक्यावरून पदर, हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव होतं, गोमा, आणि खाली पावडरीचं. दुकानातल्या मुलीने तिला डबा काढून दिला होता. तिने तो गयाबाईंना दिला नाही. बाजूला उभ्या असलेल्या हिमानीपुढे धरला.

"बाय, तारीख बघ गं जरा. माझा चष्मा घरी राहिला. दवाखान्यातल्या बायनं बजावलंय, पुतळे, तारीख बघितल्याबिगर घेऊ नको. म्हाताऱ्याच्या पोटात काय ठरत नाय."

हिमानीने डबा हातात घेतला आणि उलटा केला. काळी, स्वच्छ अक्षरं होती. हिंदुरावांचा हात नीटनेटका होता.

"मार्च दोन हजार सत्तावीस," तिने वाचलं.

"म्हंजे हाय ना अजून?"

"आहे."

पुतळीबाईने समाधानाने मान हलवली. गयाबाईंनी डबा स्कॅनरपुढे धरला, पिवळी पट्टी आली आणि गेली, बिल निघालं. पुतळीबाईने डबा कापडी पिशवीत घातला, पिशवीचं तोंड पिळून काखेत धरलं आणि ती दाराकडे गेली.

हिमानी उभीच होती. आपण आत्ता काय वाचलं, ते तिच्या कानात होतं. तो आवाज तिचाच होता, माईला "थोडं अजून घे, चांगलं आहे" म्हणायचा तोच. आणि मग, कसलाही निश्चय न करता, ती काउंटरच्या मागून बाहेर आली आणि दुकानाबाहेर पळाली. शेवटचं कधी पळाली होती, ते तिला आठवत नव्हतं. पुतळीबाई रिक्षा स्टँडवर पोचली होती.

"आजी, तो डबा द्या परत."

"का गं बाय? पैसं दिलं की मी."

"पैसे देते मी. डबा जुना आहे. मी चुकीचं वाचलं."

"तू तर डोळ्यासमोर धरून वाचलंस."

"हो," हिमानी म्हणाली. "तिथे लिहिलंय तेच वाचलं. पण तिथे खोटं लिहिलंय."

पुतळीबाईने तिच्याकडे निरखून बघितलं. रागावली नाही. रस्त्यावर एखादं माणूस चक्कर येऊन पडणार असेल तर त्याच्याकडे बघावं, तसं बघितलं. पिशवीतून डबा काढून दिला. हिमानीने तिला समोरच्या औषधांच्या दुकानात नेलं, तिथला डबा घेतला, मोबाईलवर विनीतने टाकून दिलेल्या ॲपमधून त्याचा चौकोन वाचला, तळाची तारीख बघितली, आणि तो तिच्या हातात दिला.

"हा बरोबर आहे. दोन्हीकडे एकच तारीख आहे."

"बस जरा कुठंतरी," पुतळीबाई जाताना म्हणाली. "तोंड उतारलंय तुझं."

हिमानी बसली नाही. पोटमाळ्यावर जाऊन तिने पिवळीची पुन्हा लाल केली, तिन्ही दुकानांत. अर्ध्या तासात अंबरनाथहून फोन आला, दोन काउंटर अडकलेत म्हणून. मग उल्हासनगरहून. मग भावेसाहेबांचा. तो तिने घेतला नाही. तिने स्क्रीनचे फोटो, डब्यांचे फोटो आणि बॅचचे नंबर एकत्र केले आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार पाठवली. खाली स्वतःचं नाव, पत्ता आणि 'घरसंसार'मधला हुद्दा लिहिला. हिंदुरावांचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. मग तेही लिहिलं. भावेसाहेबांचंही लिहिलं. लाल पट्टी नऊ दिवस पिवळी कोणी ठेवली होती, तेही लिहिलं.

चौथ्या दिवशी अधिकारी आले. कात्रपच्या दुकानातून आणि आनंदनगरच्या गोडाऊनमधून नमुने नेले, गोडाऊनला सील लावलं. हिंदुरावांना पोलिसांनी नेलं. नेताना त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही, असं कोणीतरी सांगितलं. भावेसाहेब पोटमाळ्यावर आले, हिमानीच्या टेबलासमोर उभे राहिले आणि नुसतंच "एकोणीस वर्षं" म्हणाले. हिमानीने अधिकाऱ्यांना द्यायचे कागद उचलले आणि ती खाली गेली.

अधिकारीबाईंनी तिला विचारलं, "हे डबे कुणाकुणाला गेले, ते काढता येईल?"

तिने प्रयत्न केला. दोन वर्षांत ती पावडर घेणाऱ्यांची बिलं निघाली. ज्यांनी मोबाईल नंबर दिले होते असे तीनशे बारा लोक निघाले. पण कुणाला चांगला डबा गेला आणि कुणाला छापलेला, ते कुठेच नव्हतं. जुन्या रेघांत एवढंच होतं, की ही पावडर आहे. तीनशे बाराही नंबर सारखेच संशयाचे होते.

"मग सगळ्यांनाच कळवायला हवं," अधिकारीबाई म्हणाल्या.

हिमानीने कळवलं. दुकानाच्याच फोनवरून, तीन दिवस बसून. तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती: तुम्ही आमच्याकडून ही पावडर घेतली होती, त्यातले काही डबे मुदत संपलेले असू शकतात, शिल्लक असतील तर वापरू नका, परत आणा. काही लोक रागावले. काहींनी वकिलाचं नाव सांगितलं. काहींना आठवतच नव्हतं. पुष्कळांनी फोन उचलला नाही. यादीत एकशे सत्तराव्या ओळीवर तिला तिचाच नंबर दिसला. तिने क्षणभर त्यावर बोट ठेवलं आणि पुढचा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबरनाथच्या एका माणसाने फोन घेतला. त्याचं नाव हरिचंद्र. आवाज चाळिशीतला वाटला. त्याने तिचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

"बाबांसाठी घ्यायचो," तो म्हणाला. "फेब्रुवारीत गेले ते. मागच्या. अर्धा डबा आहे अजून. फेकवत नाही."

"हो," हिमानी म्हणाली.

"त्यामुळे गेले का?"

"मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. तो डबा चांगलाही असेल."

"तुम्ही असं बोलता, जसं काही तुमच्याच..." तो थांबला.

"माझी आई जूनमध्ये गेली," हिमानी म्हणाली. "मीही इथूनच घ्यायचे."

त्याच्या घरात कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. हिमानीच्या हातातला रिसीव्हर ओला लागला. तिने बघितलं, तर तिची हनुवटी ओली होती, आणि ते कधीपासून चाललं होतं ते तिला कळलं नव्हतं. हुंदका नव्हता. नुसतं पाणी येत होतं, नळ नीट बंद केला नसला की येतं तसं. दोघांनी फोन ठेवला नाही. दोन-तीन मिनिटं असतील. मग तो म्हणाला, "चला, ठेवतो," आणि ती म्हणाली, "हो." चेहरा धुऊन येऊन तिने पुढचा नंबर लावला.

मार्चअखेरीस 'घरसंसार'चं कात्रपचं दुकान बंद झालं. बाकीची दोन भावेसाहेबांनी दुसऱ्या एका दुकानदाराला दिली. खटला चालू आहे, तारखा पडतात, हिमानी साक्षीला जाते. हिंदुराव जामिनावर सुटले. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात ते समोर आले. त्यांनी हात जोडले. तिनेही जोडले. त्यांनी माईचे डबे खरोखर वेगळे काढले होते का, हे तिने पुन्हा विचारलं नाही. उत्तर कुठलंही आलं असतं, तरी ते तपासायला तिच्याजवळ काही नव्हतं.

दुकान बंद झालं तशी कात्रपच्या सोळा माणसांची नोकरी गेली. गयाबाई तिला भाजीच्या गाडीपाशी भेटल्या.

"तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, मॅडम," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर मी तेच सांगते. पण मला आता या वयात कोण ठेवणार, ते सांगा."

हिमानीने मेथीची जुडी हातात धरली होती. "माझी पण गेली नोकरी," ती म्हणाली. गयाबाईंना ते पटल्यासारखं झालं, पण त्याने काही सुटलं नाही.

एप्रिलमध्ये विनीतचा फोन आला. नानकभाईंनी बोलावलंय. कॅम्प एकमधली ती पेढी अरुंद होती. खाली दुकान, वर माळ्यावर जुन्या स्कॅनरांचा ढीग. नानकभाई सत्तरीचे होते. त्यांनी चहा मागवला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"देखो बेटा, मेरे पास चालीस दुकान का काम पडा है. सबको नया कोड चाहिये. लडके मशिन लगाना जानते हैं. लेकिन माल पहचाननेवाला कोई नहीं." ते थांबले. "जिधर तुम जाओगी, उधर सेठ लोग थोडा डरेंगे. डरने दो."

"मी एकटी नाही येणार," हिमानी म्हणाली. हे आपण म्हणणार आहोत, हे तिला तोवर माहीत नव्हतं. "माझ्याबरोबर एक कॅशियर आहेत. काउंटरवरच्या बायकांना शिकवायला कुणीतरी लागेल. माझ्यापेक्षा त्या चांगलं शिकवतील."

नानकभाईंनी विनीतकडे बघितलं. विनीतने खांदे उडवले. "सही बोल रही हैं," तो म्हणाला.

"आधे दिन का काम दूंगा पहले," नानकभाई म्हणाले. "फिर देखेंगे."

आता दोघी दुकानोदुकानी जातात. हिमानी लॅपटॉप घेऊन मागे बसते, नंबर तपासते, शून्य गाळते. गयाबाई पुढे काउंटरवर पोरींना दाखवतात, पुडा कसा धरायचा, जुन्या रेघांवर अंगठा ठेवून चौकोन कसा पुढे करायचा, म्हणजे एकाचे दोन होत नाहीत. त्यांचा आवाज चढतो, पोरी हसतात, मग शिकतात. मुदतीची पट्टी कुठली ठेवायची, हे प्रत्येक दुकानाचा मालक विचारतो. हिमानी लाल ठेवते आणि कारण सांगत नाही.

माईबद्दल तिला अजून काही नीट वाटत नाही. कधी एखाद्या दुपारी डोळ्यांतून पाणी येतं, कधी महिना महिना काही नाही. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीने फोनवर विचारलं तर ती म्हणते, चाललंय. बहिणीला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, पण खोटं नाही म्हणून हिमानी तेच देते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात उल्हासनगरचं एक काम संपलं. पुढचं अंबरनाथचं होतं, चार काउंटर, आणि मालक फार घाईचा आहे असं विनीत सांगत होता. रिक्षातून उतरताना गयाबाईंनी विचारलं, "उद्या किती वाजता?"

"साडेनऊ," हिमानी म्हणाली. "डबा आणू नका. मी दोघींची भाजी-पोळी आणते."

"तिखट जरा कमी घाला," गयाबाई म्हणाल्या, आणि मांजर्लीच्या रस्त्याला लागल्या.